डोळ्यातला थेंब काय सांगतो?

पाचगणी हे गाव हवेसाठी वसले. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मधल्या जागेत १८६०च्या दशकात जॉन चेसन या इंग्रज गृहस्थाने वस्ती उभी करायला सुरुवात केली. त्यामागचा हिशेब सरळ होता. महाबळेश्वरची हवा उत्तम, पण पावसाळ्यात तिथे राहणे कठीण. पाचगणीला पाऊस त्यामानाने कमी आणि उंची सुमारे तेराशे मीटर, म्हणजे बारा महिने राहता येईल असे हे थंड ठिकाण. ऑस्ट्रेलियातून आलेले सिल्व्हर ओकचे वृक्ष इथे रांगांनी लागले. हवेपाठोपाठ निवासी शाळा आल्या. १९१२ साली डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी बेल-एअर हे आरोग्यधाम सुरू केले. क्षयावर औषध नव्हते, तेव्हा चांगली हवा, विश्रांती आणि सकस आहार हाच उपचार होता.

अशा गावातल्या एखाद्या निवासी शाळेतली मार्च महिन्यातली सकाळ डोळ्यांसमोर आणा. पाचवीतला एक मुलगा डोळे चोळत वर्गात येतो. डोळे लालभडक, पापण्या सुजलेल्या, पाणी वाहते आहे. शेजारचा मुलगा बाक सोडून दूर सरकतो. "सर, ह्याचे डोळे आलेत!" सरांना त्या क्षणी निर्णय घ्यायचा असतो. डोळे आले असतील तर मुलाला वेगळे ठेवले पाहिजे, नाहीतर आठवड्याभरात निम्मे वसतिगृह लाल डोळ्यांचे होईल. पण हे डोळे येणे नसून वावडे, म्हणजे अ‍ॅलर्जी असेल, तर त्याला वेगळे ठेवण्याने काहीच साधत नाही. उलट दरवर्षी याच दिवसांत त्याचा अभ्यास बुडतो. वर, अशा मुलाच्या ट्रंकेत मागच्या वर्षीची थेंबांची अर्धी बाटली असू शकते. ती बाटली नेमकी कशाची आहे, यावर त्याची दृष्टी अवलंबून असू शकते. त्याविषयी शेवटी बोलू.

लाल डोळा दोन्ही आजारांत सारखाच दिसतो. मग ओळखायचे कसे? या प्रश्नाची दोन प्रकारची उत्तरे वैद्यकाने शोधली. एक, डोळ्यात काहीतरी घालून काय होते ते पाहायचे. दुसरे, डोळ्यातून काहीतरी काढून घेऊन ते तपासायचे. या दुसऱ्या वाटेवरचे एक महत्त्वाचे पाऊल आपल्या मुंबईत पडले, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

चांगल्या हवेतला आजार

आधी आजाराची ओळख. १६ मार्च १८१९ रोजी लंडनमधल्या एका वैद्यकीय संस्थेत जॉन बोस्टॉक या डॉक्टरांनी एका रुग्णाची हकिगत वाचून दाखवली. रुग्ण सेहेचाळीस वर्षांचा. लहानपणापासून दर उन्हाळ्यात त्याचे डोळे लाल होत, खाज सुटे, पाणी वाहे, मग शिंका आणि छातीत घरघर. हा रुग्ण म्हणजे स्वतः बोस्टॉकच होते. हकिगतीच्या शीर्षकात त्यांनी डोळ्यांचा उल्लेख छातीच्याही आधी केला होता. हा आजार उन्हामुळे आणि उष्म्यामुळे होतो, असा त्यांचा समज होता. लोक त्याला गवताचा ताप म्हणू लागले, पण गवताला दोष देणे बोस्टॉकना पटत नव्हते.

गवताचा दोष सिद्ध केला तो मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली या डॉक्टरने. त्यालाही हाच आजार होता. उष्णता, ऊन, गंध, धूळ असा एकेक संशयित त्याने तपासला. चिकट द्रव लावलेल्या काचपट्ट्या हवेत ठेवून त्यांवर रोज किती परागकण बसतात ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. ज्या दिवसांत पराग जास्त, त्याच दिवसांत त्याचा त्रास जास्त. उंचावर काय स्थिती आहे हे पाहायला त्याने काचपट्ट्या पतंगांना बांधून वर पाठवल्या. वरच्या हवेतही परागकण सापडले. १८७३ साली त्याने हे सगळे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले.

टेबललँडवर उभे राहून हे वाचावे असे आहे. उंचावरची हवा धुरापासून मुक्त असेल, पण परागकणांपासून मुक्त असेलच असे नाही. पाचगणीत मार्च-एप्रिलमध्ये सिल्व्हर ओक केशरी-पिवळ्या फुलांनी भरून येतो, आणि कोणाचे डोळे लाल झाले की बोट आपोआप त्याच्याकडे जाते. पण ज्या फुलाला रंग आणि मध आहे, त्याचा पराग बहुधा पक्षी आणि कीटक वाहून नेतात. तो जड आणि चिकट असतो, वाऱ्यावर फार दूर जात नाही. वाऱ्यावर स्वार होतो तो गवताचा कोरडा, हलका पराग, आणि गवताचे फूल तर आपल्या नजरेतही भरत नाही. १९५०च्या दशकात पुण्याजवळ प्रथम नोंदले गेलेले आणि पुढे महाराष्ट्रभर पसरलेले गाजरगवत हेही नाक-डोळ्यांच्या वावड्याचे एक कारण आहे. डोळ्यांना दिसणारा संशयित आणि खरा गुन्हेगार निराळे असू शकतात. म्हणूनच तपासणी लागते.

डोळ्यात थेंब घालून

ब्लॅकलीने परागकण स्वतःच्या नाकात, कातडीवर आणि डोळ्यातही घालून पाहिले. डोळा सुजला. संशयिताला प्रत्यक्ष समोर उभे करून ओळख पटवावी, तशी ही पद्धत होती.

पुढे लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात लेनर्ड नून याने तिला मोजमापाची जोड दिली. गवताच्या परागाचा अर्क वेगवेगळ्या तीव्रतेचा करून तो एकेक थेंब रुग्णाच्या डोळ्यात घाली. किती तीव्रतेला डोळा लाल होतो, यावरून वावडे किती प्रखर आहे ते कळे. मग त्याच अर्काची अगदी अल्प मात्रा टोचत राहायची आणि डोळ्याची सहनशक्ती वाढली का, ते पुन्हा थेंब घालून पाहायचे. १९११ साली त्याने हे प्रयोग प्रसिद्ध केले. आज अ‍ॅलर्जीवर ज्या लसी देतात, त्यांची ही सुरुवात.

याच सुमारास क्षयाच्या निदानासाठीही डोळा वापरला जाऊ लागला. क्षयाच्या जंतूंपासून रॉबर्ट कॉख यांनी ट्युबरक्युलिन हा अर्क १८९० साली तयार केला होता. तो औषध म्हणून फसला, पण ज्याला क्षयाचा संसर्ग झाला आहे त्याचे शरीर या अर्काला वेगळा प्रतिसाद देते, हे लक्षात आले. १९०७ साली फ्रान्सच्या अल्बेर काल्मेत यांनी सुचवले की, ट्युबरक्युलिनचा सौम्य थेंब डोळ्यात घालावा. डोळा लाल झाला तर क्षयाचा संसर्ग आहे असे समजावे. चाचणी सोपी, स्वस्त आणि झटपट होती. पण काही रुग्णांच्या डोळ्यांत एवढा दाह झाला, की पारदर्शक पटलावर जखमा झाल्या. डोळ्यातली ही चाचणी मागे पडली आणि कातडीवरची टिकली.

हे सारे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधामे उभी राहत होती त्या काळातले आहे. क्षयाच्या जंतूंमधल्या प्रथिनाला प्रतिसाद म्हणून मुलांच्या बुबुळाच्या कडेवर छोटी पिवळसर-करडी पुटकुळी उठते, हेही डॉक्टरांच्या पाहण्यात होते. तोही एका अर्थाने वावड्याचाच आजार. डोळा ही शरीरातल्या घडामोडी बाहेरून दिसण्याची खिडकी आहे, हे खरे. पण त्या खिडकीवर दगड मारून आत कोण आहे ते पाहणे धोक्याचे. डोळ्यात पराग घालून करायची चाचणी आजही आहे, परंतु ती तज्ज्ञांच्या हाती आणि मुख्यतः संशोधनासाठी.

मुंबईतली एक काचपट्टी

आता दुसरी वाट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात मेजर एच. हर्बर्ट हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले शल्यचिकित्सक नेत्रविद्या शिकवत. डोळ्यांच्या रुग्णांमध्ये लाल, खाजऱ्या डोळ्यांची मुले असतच. पापणी उलटून पाहिली, की आतल्या अस्तरावर उंचवटे दिसत. इथेच खरी अडचण होती, कारण असे उंचवटे दोन अगदी वेगळ्या आजारांत येतात.

एक आजार म्हणजे खुपऱ्या, डॉक्टरांच्या भाषेत ट्रॅकोमा. हा संसर्गजन्य. पापणीच्या आत साबुदाण्यासारखे दाणे उठतात, पुढे अस्तर आखडून पापण्यांचे केस आत वळतात, बुबुळाला घासतात आणि माणूस आंधळा होतो. त्या काळी त्यावरचा उपचार दांडगा होता. मोरचुदाचा खडा पापणीच्या आतून घासायचा, दाणे खरवडायचे. दुसऱ्या आजाराला इंग्रजीत 'स्प्रिंग कटार', म्हणजे वसंतातला स्राव म्हणत. यात पापणीच्या आत फरसबंदीसारखे चपटे उंचवटे येतात, प्रचंड खाज सुटते, आणि दोऱ्यासारखा ओढला जाणारा चिकट स्राव निघतो. हा बहुधा मुलग्यांना होतो, दहा वर्षांच्या आत सुरू होतो आणि वयात येता येता बहुतेकांचा आपोआप थांबतो. 'वसंत' हे नाव युरोपातल्या ऋतूवरून पडले. आपल्याकडच्या उष्ण हवेत तो वर्षभरही रेंगाळतो आणि उन्हाळ्यात उसळतो. आता विचार करा, हा दुसरा आजार असलेल्या मुलाला खुपऱ्या समजून मोरचूद लावला तर त्याचे काय होईल?

१९०३ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हर्बर्ट यांचे एक टिपण प्रसिद्ध झाले. विषय होता 'स्प्रिंग कटार'चे स्वरूप आणि निदान. त्यांनी दाखवून दिले, की या आजारात डोळ्यातून निघणाऱ्या स्रावात एक विशिष्ट पेशी सापडते: इओसिनोफिल.

ही पेशी पाउल एर्लिख यांनी १८७९ साली ओळखली होती. इओसिन हा लाल रंग. एके काळी लाल शाईतही तो वापरत. रक्ताचा थेंब काचेवर पसरून त्याला हा रंग दिला, की काही श्वेतपेशींमधले दाणे तो हावरटपणे शोषून घेतात आणि लालकेशरी दिसू लागतात. म्हणून त्या इओसिनोफिल, म्हणजे इओसिनची आवड असलेल्या पेशी. निरोगी डोळ्याच्या अस्तरात पृष्ठभागाजवळ त्या सापडत नाहीत. जिवाणूंमुळे डोळे आले असतील तर स्रावात न्यूट्रोफिल या वेगळ्या श्वेतपेशींची गर्दी असते. म्हणजे पापणीतला चिकट स्राव काचपट्टीवर पसरायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली लाल दाण्यांच्या पेशी शोधायच्या. डोळ्यात काही घालायचे नाही आणि मुलाला इजाही नाही.

हर्बर्ट यांचे नाव वैद्यकाच्या पुस्तकांत राहिले ते मात्र दुसऱ्याच कारणाने. खुपऱ्या बऱ्या झाल्यावर बुबुळाच्या कडेवर छोटे खळगे राहतात. त्यांना आजही 'हर्बर्टचे खळगे' म्हणतात, आणि ती खुपऱ्या होऊन गेल्याची पक्की खूण मानली जाते. एकमेकांसारख्या दिसणाऱ्या दोन आजारांपैकी प्रत्येकाची एकेक खूण एकाच माणसाने दाखवून दिली. भारतात खुपऱ्या ही सार्वजनिक आरोग्याची समस्या उरलेली नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले. खाजऱ्या डोळ्यांचा आजार मात्र आहेच.

इथे एक प्रश्न वर्गात विचारण्याजोगा आहे. इओसिनोफिल तर रक्तातही असतात. मग रक्तच का तपासू नये? उत्तर असे, की पोटात जंत झाले तरी रक्तातले इओसिनोफिल वाढतात. ज्या मुलाला जंतही आहेत आणि डोळ्यांचा त्रासही, त्याचे रक्त डोळ्याविषयी नेमके काहीच सांगत नाही. डोळ्याचा प्रश्न डोळ्यालाच विचारायला हवा.

खूण सापडली, कारण नाही

हर्बर्ट यांनी टिपण लिहिले तेव्हा 'अ‍ॅलर्जी' हा शब्दच अस्तित्वात नव्हता. तो व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली घडवला. त्याचा अर्थ 'बदललेला प्रतिसाद'. पण बदल घडवतो कोण?

१९२१ साली जर्मनीत कार्ल प्राउस्निट्झ आणि हाइन्झ क्युस्टनर यांनी एक धाडसी प्रयोग केला. क्युस्टनरना माशाचे वावडे होते, प्राउस्निट्झना नव्हते. क्युस्टनरच्या रक्तातला द्रव प्राउस्निट्झनी स्वतःच्या कातडीत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, तेव्हा तिथे गांधी उठली. म्हणजे वावडे रक्तातल्या एखाद्या पदार्थाबरोबर एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेता येते. हा पदार्थ कोणता, ते कळायला आणखी पंचेचाळीस वर्षे लागली. १९६६ साली अमेरिकेत डेन्व्हर येथे किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने, आणि पुढच्याच वर्षी स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेनिख यांनी स्वतंत्रपणे तो हुडकला. १९६८ मध्ये त्याचे नाव ठरले: इम्युनोग्लोब्युलिन-ई, थोडक्यात आयजी-ई.

हे एक प्रतिपिंड आहे. त्याला शोधणे अवघड गेले, कारण ते फार थोडे असते. रक्तातल्या नेहमीच्या आयजी-जी या प्रतिपिंडाच्या दहा हजारांव्या भागाहूनही कमी. पण ते मास्ट पेशींच्या अंगावर जाऊन बसते. डोळ्याच्या अस्तरात अशा पेशी पुष्कळ असतात. परागकण अश्रूंत पडला, की त्यातली प्रथिने विरघळतात, या आयजी-ईला जाऊन चिकटतात, आणि मास्ट पेशी आपल्यातले हिस्टामिन बाहेर टाकते. काही मिनिटांत खाज, लाली, पाणी. आणखी काही तासांनी इओसिनोफिल तिथे येऊन जमतात. हर्बर्ट यांनी काचेवर पाहिलेल्या पेशी कुठून आल्या, याचे स्पष्टीकरण असे सहा दशकांनंतर मिळाले. डोळे चोळण्यानेही मास्ट पेशी फुटतात, म्हणून चोळावे तितकी खाज वाढते, हे मुलांना जरूर सांगावे.

सात मायक्रोलिटरची तपासणी

आयजी-ई सापडल्यावर ते अश्रूंत मोजता येईल का, हा प्रश्न आपोआपच पुढे आला. अश्रूंमध्ये शोधण्याजोगे काही असते, हे आधी माहीत होतेच. नूनच्याच सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ साली जाहीर केलेले लायसोझाइम, म्हणजे काही जिवाणूंना विरघळवणारे द्रव्य, अश्रूंमध्ये भरपूर असते. फ्लेमिंग प्रयोगासाठी लिंबू पिळून डोळ्यांतून पाणी काढत.

पण अश्रू मिळतात किती? एका डोळ्यात एका वेळी सुमारे सात मायक्रोलिटर. ड्रॉपरमधून पडणारा पाण्याचा थेंब सुमारे पन्नास मायक्रोलिटरचा असतो. म्हणजे डोळ्यातला साठा थेंबाच्या सातव्या भागाइतका! तो गोळा करायची युक्ती मात्र जुनीच निघाली. हर्बर्ट यांचे टिपण आले त्याच १९०३ साली जर्मन नेत्रवैद्य ओटो शिर्मर यांनी, अश्रू पुरेसे येतात की नाही हे पाहण्यासाठी गाळणकागदाची पट्टी वापरली होती. आजची पट्टी पाच मिलिमीटर रुंद आणि पस्तीस मिलिमीटर लांब असते. तिचे टोक दुमडून खालच्या पापणीच्या कडेवर अडकवतात आणि पाच मिनिटांत ती किती भिजते ते मोजतात. भिजलेला कागद टाकून न देता त्यातले अश्रू तपासले तर? आयजी-ई मोजण्याच्या नाजूक पद्धती हाती आल्यावर १९७०च्या दशकापासून हे होऊ लागले. वसंतातल्या खाजऱ्या डोळ्यांच्या अश्रूंत आयजी-ई वाढलेले सापडले.

पुढची पायरी कोविडच्या काळात घरोघरी पोचलेल्या चाचणीपट्टीसारखी आहे. पट्टीवर अशी प्रतिपिंडे बसवलेली असतात, की जी आयजी-ईलाच पकडतात. अश्रू कागदातून पुढे सरकतात. त्यांत आयजी-ई असेल तर ते आधी रंगीत सूक्ष्म कणांना चिकटते आणि पुढे पट्टीवरच्या ठरलेल्या रेघेवर अडकते. रेघ उमटते. जपानमध्ये एकविसाव्या शतकात अशी पट्टी नेत्रवैद्यांच्या वापरात आली. रक्त काढायचे नाही, प्रयोगशाळेत काही पाठवायचे नाही, आणि उत्तर काही मिनिटांत.

आपल्या देशात या तपासणीचे एक खास महत्त्व आहे. जंत झाल्यावर रक्तातले इओसिनोफिल वाढतात, तसेच रक्तातले आयजी-ईही वाढते. हर्बर्ट यांच्या काळचा युक्तिवाद इथेही लागू पडतो: डोळ्याचा प्रश्न डोळ्यालाच विचारावा.

पट्टी काय सांगत नाही

रेघ उमटली, म्हणजे काम संपले का? नाही. या चाचणीचे उत्तर नेमके कोणत्या प्रश्नाचे आहे, ते समजून घेतले पाहिजे.

रेघ सांगते, की अश्रूंत आयजी-ई वाढले आहे. म्हणजे वावडे असण्याची शक्यता बरीच आहे. पण वावडे कशाचे, गवताचे, गाजरगवताचे, की गादीतल्या धुळीचे, हे ती सांगत नाही. घरातल्या धुळीतली सूक्ष्म कोळ्यांसारखी माइट ही वावड्याचे मोठे कारण आहे, हे १९६०च्या दशकात हॉलंडमध्ये सिद्ध झाले. माइटला दमट हवा लागते. स्वित्झर्लंडमधल्या डाव्होससारख्या उंच, कोरड्या ठिकाणी ती फारशी जगत नाही. पाचगणी थंड आहे खरी, पण इथला पावसाळा दमट. त्यामुळे वसतिगृहातल्या गाद्या-उशांना ऊन दाखवणे हा केवळ शिस्तीचा भाग नाही.

रेघ उमटली नाही, तरी वावडे नाही असे ठरत नाही. डोळ्यात खूप पाणी आले असेल तर आयजी-ई पातळ होते. वसंतातल्या खाजऱ्या डोळ्यांच्या आजारात तर बऱ्याच मुलांमध्ये आयजी-ई वाढलेले नसतेच. तिथे दुसऱ्या प्रकारच्या पेशी आजार चालवतात. उलटपक्षी, डोळा फार सुजला की रक्तवाहिन्या पाझरू लागतात आणि रक्तातलेच आयजी-ई अश्रूंत उतरते. म्हणून संशोधक अश्रूंतले आणि रक्तातले प्रमाण ताडून पाहतात. काचपट्टीचेही तसेच. सौम्य वावड्यात इओसिनोफिल अस्तराच्या खोल थरात राहतात, वरच्या स्रावात दिसतीलच असे नाही. दिसले तर भक्कम पुरावा, न दिसले तर पुरावा नाही, एवढेच. अश्रू साक्षीदार आहेत, न्यायाधीश नाहीत. निकाल डॉक्टरांनी रुग्णाची हकिगत, पापणीची तपासणी आणि चाचणी या तिन्ही गोष्टी मिळून द्यायचा असतो.

पुन्हा वर्गात

मग आपल्या पाचवीतल्या मुलाचे काय करायचे? शिक्षकाजवळ पट्टी नाही, सूक्ष्मदर्शक असला तरी तो यासाठी नाही. पण चार प्रश्न आहेत. खाज जास्त आहे की टोचणे? वावड्यात खाज हे मुख्य लक्षण. सकाळी पापण्या पिवळ्या घाणीने चिकटलेल्या होत्या का? तसे असेल तर संसर्गाची शक्यता अधिक. एका डोळ्यात सुरू होऊन दुसऱ्यात गेले, आणि खोलीतल्या इतरांनाही झाले का? हीही संसर्गाची खूण. गेल्या वर्षी याच दिवसांत असेच झाले होते का? मग वावड्याचा संशय धरावा. शंका असेल तर डॉक्टर पाहीपर्यंत मुलाचा टॉवेल आणि उशी वेगळी ठेवावी. डोळा दुखत असेल, उजेड सोसत नसेल, धूसर दिसत असेल किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे.

आणि ट्रंकेतली ती बाटली. वावड्याच्या तीव्र त्रासात डॉक्टर कधी कधी स्टेरॉइडचे थेंब थोड्या दिवसांसाठी देतात. त्यांचा गुण झटपट येतो, हाच त्यांचा धोका आहे. खाज गेली म्हणून मूल आणि पालक खूश होतात, पुढच्या वर्षी तीच चिठ्ठी किंवा तीच बाटली पुन्हा वापरली जाते, महिनोन् महिने थेंब चालू राहतात. काही मुलांच्या डोळ्यांतला दाब यामुळे वाढतो. तो दुखत नाही, डोळा पांढराशुभ्र दिसतो, आणि आतली दृष्टीची नस हळूहळू मरत जाते. हा काचबिंदू. गेलेली दृष्टी परत येत नाही. मोतीबिंदूही होऊ शकतो. जो आजार वयात आल्यावर बहुधा आपोआप थांबणार होता, त्याच्या उपचाराने मूल कायमचे अधू व्हावे, यापेक्षा मोठे दुर्दैव कोणते? म्हणून वसतिगृहातल्या शिक्षकांनी थेंबांच्या प्रत्येक बाटलीवरचे नाव, ती उघडल्याची तारीख आणि डॉक्टरांची ताजी चिठ्ठी पाहावी. थंड पाण्याच्या पट्ट्या, डोळे न चोळणे आणि डॉक्टरांनी दिलेली स्टेरॉइड नसलेली औषधे यांवर बहुतेक मुलांचे भागते.

विद्यार्थ्यांकडून करून घेण्याजोगे एक काम सुचवतो. कोणाच्याही डोळ्यात काही घालायचे नाही, की डोळ्यातून काही काढायचे नाही. ब्लॅकलीप्रमाणे काचपट्टीवर व्हॅसलिनचा पातळ थर द्यावा आणि ती पाऊस लागणार नाही अशा उघड्या जागी चोवीस तास ठेवावी. मग सूक्ष्मदर्शकाखाली कण पाहून त्यांची चित्रे काढावीत आणि संख्या मोजावी. शाळेच्या आवारातली फुले हाताशी ठेवून त्यांच्या परागाशी ताडून पाहावे. सिल्व्हर ओकचे कण किती आणि गवताचे किती, हे आपल्याच डोळ्यांनी दिसेल. आठवड्याला एक पट्टी याप्रमाणे वर्षभर काम केले, की शाळेच्या परिसराची परागदर्शिका तयार होते. आजारी मुलांच्या नोंदवहीतून, नावे न घेता, लाल डोळ्यांचे दिवस शेजारी मांडावेत. दोन्ही रेषा एकत्र चढतात का, ते मुलांनाच पाहू द्यावे. आणि पुढच्या मार्चमध्ये कोणी डोळे चोळत वर्गात आला, तर शेजारच्याला बाक सोडून पळण्याआधी विचारायला एक प्रश्न सुचेल: "गेल्या वर्षीही याच दिवसांत झालं होतं का रे?"